आग्नेय कोपरा

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

चंडीगड, ६ जानेवारी १९९१

चि. सौ. सुनंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. एकदा वाचलं, देवापुढे ठेवलं, मग पुन्हा वाचलं. अक्षय तृतीयेपर्यंत घर विकून म्हसवडला या, नाहीतर येऊच नका, असं तू लिहिलं आहेस. ‘येऊच नका’च्या खाली दोन रेघा मारल्या आहेस. एक मारली असतीस तरी मला कळलं असतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. सेक्टर १७ मध्ये तू ज्या दुकानात नयनासाठी लोकर बघत होतीस, त्याच्या शेजारच्या दुकानदाराला तुमच्या डोळ्यांदेखत गोळी लागली. त्यानंतर तू दसऱ्यालाच पोरीला घेऊन माहेरी गेलीस. मी स्टेशनवर ‘थोडे दिवस राहून या’ म्हणालो. तू काही बोलली नाहीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

घर विकायचं मी मनावर घेतलं आहे. दलालाने एक गिऱ्हाईक आणलं आहे. नरेश नावाचा माणूस, इमारती लाकडाचं दुकान आहे. त्याला आपलं जोडघर दोन्ही बाजूंनी रिकामं हवं आहे. आपल्या बाजूला तो राहणार, पलीकडे त्याचा भाऊ. म्हणजे बीजींना घर सोडायला सांगावं लागेल. तुला ठाऊक आहे, हे काम माझ्यासारख्याला किती जड आहे. त्यांनी पलीकडची बाजू भाड्याने घेतली त्या दिवशी तूच त्यांना पहिला चहा पाजलास. विधवा बाई, शाळेतली नोकरी संपलेली, एकुलता मुलगा जसपाल रोज बस धरून पिंजौरच्या कारखान्यात जाणारा. तरी सांगेन.

एका बाजूला आपण राहायचं, दुसरी भाड्याने द्यायची, भाड्यातून कर्जाचा हप्ता जाईल आणि मी निवृत्त होईन तेव्हा सगळं घर आपलं, असं मी तुला कागदावर आखून दाखवलं होतं. तू म्हणाली होतीस, ‘लोक जिथून पळताहेत तिथे आपण घर घेतोय, म्हणून ते आपल्याला परवडतंय.’ तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. तुझं बोलणं मात्र मी तेव्हा कुठेच ठेवलं नाही.

नयनाला आशीर्वाद. तिला म्हणावं, मराठीच्या पेपरात हिंदी लिहू नकोस.

विश्राम

*

१७ जानेवारी १९९१

चि. सौ. सुनंदा हिस आशीर्वाद.

बीजींना सांगितलं. त्या पालक निवडत होत्या. निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “भाईसाहब, घर तो आपका है. वैसाखी तक ठहर जाओ, फिर हम कहीं देख लेंगे.” मग मी निघताना एका पातेल्यात पालेभाजीचा साग दिला. मला तो दोन दिवस खाववेना.

रविवारी नरेश घर बघून गेला. भिंतीवर बोटं वाजवून बघतो, नळ सोडून बघतो, तसा माणूस चोख वाटला. बीजींच्या स्वयंपाकघरात गेला आणि त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बूट आपटून विचारलं, “यह सीमेंट अलग क्यों है?”

बीजी एकदम म्हणाल्या, “ना जी, इत्थे पैर ना रखो! यह भाईसाहब का कोना है. हम तो झाड़ू भी हल्के हाथ से मारते हैं.”

“क्या है इसके नीचे?”

मी मध्ये पडलो. आपला वास्तुपुरुष इथे पालथा पुरला आहे, दर अमावस्येला त्याला दहीभाताचा नैवेद्य लागतो, हे त्या माणसाला हिंदीत कसं सांगायचं? तो हसेल असं वाटलं. “कुछ नहीं, पूजा-पाठ का है,” म्हणालो आणि त्याला घाईने गच्चीवर नेलं. तो दोनदा मागे वळून पाहत होता.

तुला आठवतं? वास्तुशांतीला गुरुजींनी घराचा आग्नेय कोपरा मोजला तर तो नेमका बीजींच्या चुलीमागे निघाला. तू मला केवढी टोचून बोललीस. ‘पूर्वेची बाजू आपण घेऊ, असं मी म्हणत होते. चांगलं ऊन येतं म्हणून भाडेकरूला दिलीत. आता देवही भाडेकरूकडेच राहणार.’ आणि मी ती तांब्याची डबी इथल्या ओलीत टिकावी म्हणून माझ्या प्रयोगशाळेतून आणलेल्या डाखाने चारी बाजूंनी बंद केली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. रघुनाथशास्त्री म्हणाले होते, “अहो, ही वास्तुशांत आहे का यंत्र बसवताय?” आपण सगळे हसलो होतो. बीजीसुद्धा, न समजता.

परवा अमावस्या झाली. दहीभात घेऊन गेलो. जसपाल दाढी बांधत बसला होता. पाय बाजूला घेऊन म्हणाला, “अंकल जी, आपके भगवान का टिफिन आ गया?” त्याचा विनोद हा असाच. त्यात खोटेपणा नसतो.

वैसाखी एप्रिलात आहे. अक्षय तृतीया मे महिन्यात. सगळं जमेल.

विश्राम

*

५ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. सुनंदा हिस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मी बरा आहे.

महाशिवरात्रीला चार दिवस येईन म्हणालो होतो, ते आता जमणार नाही. रजेची अडचण आहे. नरेश पुन्हा आला नाही. दलाल म्हणतो, थांबा. बीजींच्या स्वयंपाकघरातली फरशी थोडी उखडली आहे, तिचं काम काढावं लागेल. जसपाल सध्या पिंजौरला जात नाही, घरीच असतो.

तुझ्या भावाला, कृष्णकांतला सांग, सोमवारी प्रयोगशाळेत फोन लावू नकोस. सोमवारी मी उशिरा पोचतो. दर सोमवारी सकाळी एक काम असतं.

थंडी अजून आहे. तू विणलेला स्वेटर घालतो. रात्री माळ ओढताना झोप लागते आणि मणी हातातच राहतात. बाकी क्षेम.

विश्राम

*

२० फेब्रुवारी १९९१

चि. सौ. सुनंदा हिस आशीर्वाद.

शालिनीवहिनींनी तुला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. त्या फौजी वसाहतीत राहतात, त्यांच्या फाटकावर पहारा असतो. आपल्या गल्लीत काय झालं ते त्यांना चार तोंडांतून कळलं असणार. पोलीस इथे कुणाच्या घरी येत नाहीत? दुधवाल्याकडेही आले होते.

तू विचारलंस, ‘मला खरं सांगा, तुम्हाला कोणी धरलं होतं का?’ नाही. मला कोणी धरलं नव्हतं. हे सिद्धनाथाला स्मरून लिहितो.

पुढचं पत्र लवकर लिहीन.

विश्राम

*

४ मार्च १९९१, सोमवार

चि. सौ. सुनंदा,

आज सगळं लिहितो. मला कोणी धरलं नव्हतं हे खरं होतं. धरलं होतं जसपालला.

नरेशने बाहेर कुणाजवळ काय बोलून टाकलं ते मला कळलेलं नाही. पण ‘सरदारांच्या स्वयंपाकघरात जमिनीत काहीतरी पुरलंय, घरमालकही सांगायला घाबरतो’ अशी बातमी ठाण्यात पोचली. जानेवारी संपत आला होता. दुपारी प्रयोगशाळेच्या फाटकावरून मला निरोप आला, घरी जा. मी सायकल हाणत आलो. गल्लीत चिटपाखरू नाही. सगळी दारं बंद. समोरच्या बागेत मधोमध वाळूची पोती रचली होती आणि त्यांच्या आत आपली डबी होती. डाखाची, काळ्या चिकटपट्टीची. लांबून पाहिली आणि तेव्हा मला कळलं, ती कशासारखी दिसते.

जसपाल जीपजवळ बसला होता. त्याचे हात त्याच्याच पगडीने मागे बांधले होते. केस मोकळे. सुनंदा, त्या पोराचे केस मी कधी पाहिले नव्हते. बीजी दारात उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या, फक्त म्हणत होत्या, “इसका सिर तो ढक दो. कोई इसका सिर ढक दो.”

मी ठाणेदारापाशी गेलो. म्हणालो, “वो मेरा है. मैंने गाड़ा है.”

“क्या है उसमें?”

“हमारे घर का देवता.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “देवता को सोल्डर क्यों किया, साहब? भाग जाता?”

दोघे शिपाई हसले. मलाही वाटलं, आता सुटलो, हसले म्हणजे सुटलो. बॉम्बवाल्या माणसाने लांब दांड्याच्या कात्रीने डबी उघडली. आतून वाळलेलं शेवाळ निघालं, पंचरत्नांचे कण निघाले आणि आपली ती नखाएवढी सोन्याची प्रतिमा. ती हातात घेऊन तो म्हणाला, “बस, यही?” आणि जणू मी त्याला फसवलं, अशा नजरेने बघितलं.

मी धावत जसपालचे हात सोडायला गेलो. ठाणेदाराने मला अडवलं. “लड़के से दो-चार बातें पूछनी हैं. आप अंदर जाओ, पूजा करो.” आणि जीप गेली.

दोन-चार गोष्टी विचारायला त्यांनी त्याला आठवडाभर ठेवलं. त्याच्या गावचा कोणी मुलगा फरारी आहे म्हणे. जसपाल त्याच्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होता, एवढंच. मी रोज सकाळी ठाण्यात जाऊन सांगत होतो की डबी माझी होती. ते म्हणत, “डिब्बी की बात तो ख़त्म हो गई, साहब.” ज्यावरून सुरू झालं ते संपलं, पण पोरगा आतच.

जामीन लागला. बीजींचे नातेवाईक तरनतारनकडचे. ते यायला धजले नाहीत, आणि आले असते तरी त्यांचा जामीन कोणी घेतला नसता. सरकारी नोकर हवा, स्वतःचं घर असलेला. मी सही केली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, किंवा हो म्हणाली असतीस. दोन्ही ऐकायची माझी ताकद नव्हती.

सही झाल्यावर ठाणेदार तोंडी म्हणाला, “हर सोमवार लड़के को लेकर आप ख़ुद आओगे. उसका पता यही मकान रहेगा. और साहब, आप भी शहर मत छोड़ना.” म्हणून सोमवार. म्हणून मी येऊ शकत नाही. म्हणून घर विकता येत नाही. खटल्याचा निकाल लागेपर्यंत हे असंच. निकाल कधी, हे वकीलही सांगत नाही.

जसपाल परत आला तेव्हा उजव्या हाताने त्याला पाण्याचा पेला उचलता येत नव्हता. अजूनही नीट येत नाही. कारखान्याने त्याला घेतलं नाही. तो आता ‘टिफिन’चा विनोद करत नाही.

गल्लीत मला दोन नावं आहेत. आपल्या गल्लीतले म्हणतात, हा आतंकवाद्याचा जामीनदार. पलीकडच्या गल्लीतले सरदार म्हणतात, हा पोलिसांचा माणूस, दर सोमवारी ठाण्यात हजेरी देतो. दोघेही मला बघून बोलायचे थांबतात. भाजी आणायला मी आता दुसऱ्या सेक्टरात जातो. घरात बसलो तर मधल्या भिंतीपलीकडे बीजींचा गुरबाणीचा पाठ ऐकू येतो. पाठ थांबला की मला भीती वाटते. मी उठून भिंतीशी उभा राहतो आणि पुन्हा आवाज आला की बसतो. निवांत बसायला घर घेतलं होतं, ते हे.

एक गोष्ट राहिली. तीही लिहितो. जामीन परत घेता येतो. आज सकाळी तुझं जानेवारीचं पत्र खिशात घालून मी त्यासाठीच गेलो होतो. ठाणेदार म्हणाला, “वापस ले लो जी, कोई ज़बरदस्ती नहीं. लड़का अंदर, आप आज़ाद. अपने मुल्क जाओ.” त्याने शिपायाला कागद आणायला पाठवलंसुद्धा. जसपाल बाहेर बाकावर होता. त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तो उठला, टपरीवरून चहा घेऊन आला. डाव्या हाताने दोन ग्लास धरताना त्याच्या बोटांवर चहा सांडला होता. म्हणाला, “अंकल जी, फीकी है. आप मीठी नहीं पीते ना.”

मी तो चहा प्यायलो आणि त्याला घेऊन घरी आलो.

आता तुला जे वाटेल ते लिही.

विश्राम

*

१८ एप्रिल १९९१

चि. सौ. सुनंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वैसाखीच्या आदल्या दिवशी मिळालं. ‘देवाला डाख लावलात, आता स्वतःलाही लावून घेतलात,’ हे तू लिहिलंस ते वाचून मी मोठ्याने हसलो. बऱ्याच दिवसांनी. पुढचं वाक्य वाचून हसू गेलं. ‘त्या पोराला तुम्ही जामीन राहिलात. नयनाला आणि मला कोण?’

याला माझ्याजवळ उत्तर नाही. मी चार रात्री शोधलं. लहानपणी शाळेत मास्तर म्हणायचे, उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेव, खोटं लिहू नको. म्हणून कोरी ठेवतो.

आणि हेही लिहिलं आहेस की अक्षय तृतीयेची मुदत तू मागे घेतलेली नाही. बरं.

इकडची हकीगत. या सोमवारी ठाण्यात शिपायाने एक कागदी पुडी माझ्या हातात ठेवली. “अपना भगवान ले जाओ, साहब.” इतके महिने आपला वास्तुपुरुष पोलिसांच्या मालखान्यात होता, गावठी पिस्तुलं आणि चोरीच्या सायकली यांच्या शेजारी. पुडीवर नंबर लिहिला होता. मी तो शर्टाच्या खिशात घालून, जसपालला मागे बसवून, सायकलवर घरी आणला. रस्त्यात जसपाल म्हणाला, “टिफिन किसे देते रहे इतने दिन?” मी म्हटलं, “गड्ढे को.” तो हसला. जानेवारीपासून पहिल्यांदा.

खरंच तसं झालं आहे. पोलिसांनी खणलेला खड्डा मी बुजवला नाही. अमावस्या झाली की त्याच्या काठावरच दहीभात ठेवतो. फेब्रुवारीतल्या अमावस्येला मी गेलोच नव्हतो, बीजींना तोंड दाखवायची लाज वाटत होती. संध्याकाळी त्याच माझ्या दारात आल्या. “भाईसाहब, आज आपका दही-चावल नहीं आया. मैंने बना के रख दिया. नमक डालते हैं या नहीं?” माझ्या डबीपायी त्यांच्या मुलाला पोलिसांनी नेलं होतं, आणि त्या मला मिठाचं विचारत होत्या. खड्ड्यावर त्यांनी आपली कणीक मळायची परात पालथी घालून ठेवली आहे, कुणाचा पाय पडू नये म्हणून. कणीक मळायला रोज माझ्याकडून ताट मागून नेतात.

काल रघुनाथशास्त्रींना घेऊन आलो. त्यांनी परात उचलून पाहिलं. म्हणाले, एकदा बाहेर निघालेली प्रतिमा तशीच ठेवता येत नाही, शांत पुन्हा करावी लागेल. मुहूर्त विचारला तर म्हणाले, “अक्षय तृतीया. त्या दिवशी काही बघावंच लागत नाही.” मग त्यांनी विचारलं, “वहिनी?”

मी म्हटलं, गावी आहे.

ते सहज म्हणाले, “हरकत नाही. पाटावर तुमच्या शेजारी सुपारी ठेवू. शास्त्रात सोय आहे. पत्नी हजर नसेल तर सुपारी चालते.” आणि पिशवीतून एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवलीसुद्धा.

चांगली, गरगरीत सुपारी होती. मी ती बराच वेळ धरून बसलो. तुझ्या जागी ती ठेवली की सगळं सुरळीत होईल. कोपरा बंद, फरशी बंद, बीजींची परात मोकळी. तू नसलीस तरी चालतं, हे मग देवासमोर ठरून जाईल.

मी सुपारी शास्त्रींना परत दिली.

ते म्हणाले, “आणि वहिनी नाही आल्या तर?”

मी म्हटलं, “तर कोपरा उघडा राहील.”

बीजी चुलीपाशी होत्या. त्यांना मराठी समजत नाही. पण त्यांनी परात पुन्हा पालथी घातली.

सुनंदा, अक्षय तृतीयेला मी म्हसवडला येऊ शकत नाही. तो दिवस तूच दिला आहेस. त्या दिवशी तू इथे ये. राहायला ये असं म्हणत नाही. नयनाला कृष्णकांतकडे ठेव, तिला या गल्लीत आणू नको. एक दिवस माझ्या शेजारी पाटावर बस. डबीला या वेळी डाख लावणार नाही. जशी गावाकडे मातीत ठेवतात तशी ठेवू, मग ओल लागो नाहीतर काही होवो.

तिकीट हवं तर परतीचंही काढून ये. स्टेशनवर मी तुला घ्यायला येईन, पोचवायलाही येईन. स्टेशन शहराच्या हद्दीत आहे. तेवढ्यापर्यंत मला जाता येतं.

विश्राम